रुसलेली तबकडी

सोयाबीनची रास घरात आली आणि दिवाळीची आवराआवर निघाली, की ट्रंकेच्या तळाला गेलेल्या वस्तू वर येतात. त्याच सुमारास कंधार तालुक्यातील एका भगिनीचे पत्र आले. त्यांनी लिहिले होते :

"माझ्या लग्नाच्या तीन सीड्या ट्रंकेत सापडल्या. लग्न २००६ सालच्या उन्हाळ्यात झाले. माझे वडील तीन वर्षांपूर्वी वारले. त्यांचा आवाज आता कुठेच नाही, फोनमध्येसुद्धा नाही. पाठवणीच्या वेळी ते माझ्या सासरच्या माणसांशी चार शब्द बोलले होते, ते तिसऱ्या सीडीत आहेत. पुतण्याच्या कॉम्प्युटरात ती सीडी घातली, की आतून घर्र घर्र आवाज येतो आणि पडद्यावरचे सगळे थांबते. बाणसुद्धा हलत नाही. शेवटी बटण दाबून बंद करावा लागतो. एकजण म्हणाला, कॉम्प्युटर गेला, नवीन घ्या. यंदा तर ते शक्य नाही. काय करावे?"

पत्राखाली फोनचा नंबर होता. मी त्याच संध्याकाळी फोन लावला आणि एवढेच सांगितले, की ती तबकडी आता पुन्हा घालू नका, कापडात गुंडाळून ठेवा. नांदेडला जाणे आहे, येताना मी येतो.

बंधुभगिनींनो, अशा तबकड्या घरोघर आहेत. कुणाच्या लग्नाच्या, कुणाच्या बारशाच्या, कुणाच्या थोरल्या बापूंच्या तेराव्याला झालेल्या कीर्तनाच्या. त्या वाजवणारे यंत्र मात्र घरातून निघून गेले. नव्या लॅपटॉपला तबकडीचा कप्पाच नसतो. मग कुणाचा तरी जुना कॉम्प्युटर शोधायचा, तबकडी आत सारायची आणि तो गोठला की कॉम्प्युटरला दोष द्यायचा, असे चालले आहे. म्हणून आजचे पान या एका दुखण्यासाठी देतो.

लातूरहून अहमदपूर-लोहा करीत नांदेडला गेलो. परतताना लोह्याला उतरून कंधारच्या बाजूला वळलो. घर शेतातच आहे. पुढे पत्र्याची खोली, तिच्यात कापूस साठवलेला आणि एका कोपऱ्यात टेबलावर झाकून ठेवलेला कॉम्प्युटर. पुतण्या बारावीला. त्याने मला पाणी देण्याच्या आधीच सांगून टाकले, "मामा, दहा-बारा डाव घालून बघितलो. फिरायलीय, पण काही दाखवीना."

हे दहा-बारा डावच वाईट. पण पोराचा काय दोष? आपणही मोटार चालू झाली नाही की चार वेळा बटण दाबतोच.

मोटारीचीच गोष्ट घ्या. विहिरीवरची मोटार बंद पडली, तर जाणता माणूस आधी मोटार वर काढत नाही. लाइन तीनही फेजला आहे का बघतो, मग स्टार्टर, मग केबल, आणि सगळ्यात शेवटी मोटार. इथेही तेच करायचे. अडणारी तबकडी बाजूला ठेवून दुसरी एखादी, चांगली दिसणारी तबकडी घालायची. ती नीट उघडली तर कॉम्प्युटर आणि त्याचा कप्पा दोन्ही निर्दोष. कोणतीही तबकडी घातली तरी गोठत असेल तर कप्पा, त्याची केबल नाहीतर आतली भिंगाची काच यांत बिघाड. आणि अडणारी तबकडी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरात सुरळीत उघडली, तर दोष आपल्या कप्प्याचा. एवढी उलटापालट केल्याशिवाय नव्या कॉम्प्युटरचा विचार मनातही आणू नये.

घरात माळेगावच्या जत्रेतून आणलेली खंडोबाच्या गाण्यांची एक तबकडी होती. ती घातली, लगेच वाजू लागली. लग्नाची पहिली तबकडी उघडली. दुसरी जरा कुरकुरून उघडली. तिसरी मी घातलीच नाही, उजेडात धरून पाहिली. चकचकीत बाजूवर गोल गोल ओरखडे होते. वरच्या बाजूला फोटोवाल्याने वधूवरांचा छापील कागद चिकटवलेला, त्याची एक कड उचकटलेली. बाई म्हणाल्या, "हीच सगळ्यात जास्त बघितली. माहेरची आठवण आली की हीच लावायची. पाकीट कधीच फाटलं होतं."

म्हणजे जी सगळ्यांत लाडकी तीच सगळ्यांत झिजलेली.

आता ही तबकडी आहे तरी काय, ते थोडे सांगतो, कारण ते कळले की पुढचे सगळे आपोआप कळते. फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ती बसवली आणि १९८२ साली बाजारात आणली. रुंदी १२ सेंटिमीटर, जाडी सव्वा मिलिमीटरहून किंचित कमी. अंग पारदर्शक प्लास्टिकचे. माहिती एका लांबच लांब वळणदार तासात लिहिलेली असते. हे तास मधल्या भोकाजवळ सुरू होते आणि फिरत फिरत कडेला येते. आपण शेत कडेने नांगरायला घेतो, इथे आतून बाहेर. तासे इतकी दाट, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत चाळीसएक बसतील. हे सगळे तास उलगडून सरळ केले तर लांबी पाच किलोमीटरच्या वर जाते. कप्प्यात एक बारीक किरण असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो खालून प्लास्टिकमधून वर जातो, माहितीच्या थरावर आपटून परततो, आणि परतलेल्या उजेडाच्या कमी-जास्तीवरून कॉम्प्युटर अक्षर ओळखतो.

इथे बहुतेकांची एक समजूत चुकते. माहिती खालच्या चकचकीत बाजूला नसते, ती वरच्या, नाव छापलेल्या बाजूला अगदी चिकटून असते. तिच्यावर फक्त पातळ वार्निशासारखा हात दिलेला असतो. म्हणून खालच्या ओरखड्यापेक्षा वरचा ओरखडा जास्त घातक. खालचा ओरखडा म्हणजे खिडकीच्या काचेवरची रेघ. वरचा म्हणजे भिंतीवरच्या चित्राचाच पोपडा. चिकटवलेला कागद ओढून काढला तर त्याच्याबरोबर माहितीचा थर सुटून येतो, आणि तो पुन्हा बसवणारा कारागीर जगात नाही. डीव्हीडीची रचना निराळी आहे. तिच्यात माहिती दोन पातळ चकत्यांच्या मध्ये असते, त्यामुळे वरून ती जरा जास्त सुरक्षित.

कारखान्यात छापलेल्या तबकडीत माहिती ठशाने उमटवलेली असते. आपल्या फोटोवाल्याने दुकानात भरून दिलेली तबकडी तशी नव्हे. तिच्यात एक रंगाचा थर असतो आणि किरणाने तो रंग जागोजाग बदलून माहिती लिहिलेली असते. रंगच तो. उन्हात वाळत घातलेले लुगडे विटते तसा तोही विटतो. मे महिन्यात नांदेड-लातूरकडे पारा चाळिशीच्या वर जातो आणि पत्र्याखालच्या खोलीची तर गोष्टच नको. त्या खोलीतल्या खिडकीत ठेवलेली तबकडी दहा-पंधरा वर्षे टिकली तर तिचे आभार मानावेत.

आता कॉम्प्युटर का गोठतो? लातूरच्या आडतीत माल घातला, की पट्टीवर प्रत्येक कट्ट्याचे वजन लिहितात आणि खाली एकूण बेरीज मांडतात. समजा, पाणी पडून एका कट्ट्याचा आकडा पुसला. हरकत नाही. बेरजेतून बाकीचे वजा केले की तो आकडा परत मिळतो. पण तीन आकडे पुसले गेले तर? मग बेरीज असूनही उपयोग नाही. तबकडीवर नेमकी अशीच व्यवस्था आहे. खऱ्या माहितीबरोबर जागोजाग बेरजा लिहून ठेवलेल्या असतात. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनी १९६० साली ही रीत मांडली. तिच्या जोरावर तासाच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटरपर्यंतचा भाग नाहीसा झाला तरी तबकडी तो भरून काढते, आपल्याला पत्ताही लागत नाही. ओरखडा त्याहून लांब असला की बेरीज हात टेकते.

बेरीज जमली नाही की कप्पा काय करतो? पुन्हा वाचतो. वेग कमी करून पुन्हा, मग वेग वाढवून पुन्हा. तीच घर्र घर्र. कॉम्प्युटर बिचारा उत्तराची वाट बघत उभा. तलाठ्याच्या दारात माणूस उभा राहावा आणि आतून "थांबा" एवढेच ऐकू यावे, तसा. जुन्या कॉम्प्युटरांत तर आणखी एक अडचण असे. रुंद चपट्या पट्टीसारखी एकच केबल तबकडीच्या कप्प्याला आणि मुख्य हार्डडिस्कला मिळून असे. त्या वाटेवरून एका वेळी एकच जाऊ शकतो. कप्पा अडून बसला की हार्डडिस्कचीही वाट बंद. मग बाण हलत नाही, घड्याळ सरकत नाही आणि आपल्याला वाटते, कॉम्प्युटर मेला. तो मेलेला नसतो, अडलेला असतो.

बाईंनी विचारले, "पण ही सीडी टीव्हीच्या प्लेअरवर तर लागायची. तिथं चौकोन चौकोन यायचे, पण पुढं जायची." प्रश्न अगदी मार्मिक होता. त्या काळातल्या लग्नाच्या तबकड्या बहुतेक व्हीसीडी असत. एका तबकडीत जेमतेम सव्वा तास मावे, म्हणून तर तीन तीन लागत. चित्रपट जास्त मावावा म्हणून व्हीसीडीत बेरजेचा एक आख्खा थर गाळून टाकलेला असतो. कारण मांडणी करणाऱ्यांनी धरले, की चित्रात एखादा ठिपका चुकला तर कोण बघतो? टीव्हीचा प्लेअर तसाच वागतो. नाही वाचता आले, सोडून देतो आणि पुढे जातो. कॉम्प्युटर मात्र ती फाइल उतरवून घेताना एकही अक्षर चुकू द्यायला तयार नसतो. अडला की अडून बसतो, आणि फार झाले की 'सायक्लिक रिडन्डन्सी चेक' असा निरोप दाखवून काम सोडतो. त्या निरोपाचा अर्थ एवढाच, की बेरीज जुळली नाही. त्यात कॉम्प्युटर बिघडल्याचा काही संबंध नाही.

कॉम्प्युटर असा अडला तर लगेच वायर ओढू नये. कप्प्याचे बटण दाबावे आणि दोन-तीन मिनिटे सरळ थांबावे. कप्पा कधी कधी उशिरा ऐकतो. नाहीच ऐकले तर मुख्य बटण चार-पाच सेकंद दाबून धरून कॉम्प्युटर बंद करावा. तबकडी आत अडकली असेल तर कप्प्याच्या तोंडावर एक बारीक भोक असते, त्यात सरळ केलेली कागदाची क्लिप हळूच सारावी, कप्पा पुढे येतो. पण हे कॉम्प्युटर पूर्ण बंद करून, आतले फिरणे थांबल्यावर. आणि तबकडीला मधल्या भोकाजवळ तडा दिसत असेल तर ती कप्प्यात घालूच नये. वेगाचे कप्पे तबकडीला मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे देतात. तडा गेलेली तबकडी त्या वेगात फुटून कप्प्यासकट तिचे तुकडे होतात.

आम्ही आधी तबकडी धुतली. वाटीभर साधे पाणी, त्यात अंगाच्या साबणाचा थेंब, आणि धुऊन मऊ झालेल्या धोतराचा तुकडा. पुसायचे ते मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ. गोल गोल फिरवून कधीही पुसू नये. सरळ पुसताना ओरखडा उमटलाच तर तो तासाला आडवा जातो, प्रत्येक तासाचा कणभर भाग जातो आणि बेरीज तो भरून काढते. गोल ओरखडा एकाच तासाला धरून लांबवर जातो, म्हणजे पट्टीवरचे ओळीने दहा आकडे पुसल्यासारखे. या बाईंनी अठरा-एकोणीस वर्षे पदराने गोल गोल पुसून तबकडी जपली होती. मायेने केलेले काम, पण त्यानेच घात केला. रॉकेल, पेट्रोल, थिनर यांचा हात लावू नये, प्लास्टिक पांढरे पडते. दात घासायची पेस्ट लावून ओरखडे घासायची युक्ती पुष्कळांना ठाऊक आहे. खालच्या बाजूच्या उथळ ओरखड्यांवर ती कधी कधी चालते, पण एकदा बिघडले की परत फिरता येत नाही. म्हणून ती सगळ्यांत शेवटी, बाकीचे सगळे उपाय थकल्यावर.

मग खरे काम. इथे मी एक नियम पाळतो आणि तो फार मोडू देत नाही : आधी उतरवून घ्यायचे, मग बघायचे. तबकडी आजारी आहे हे कळल्यावर तिच्यावरून थेट चित्रपट लावून बघणे म्हणजे मोडक्या पुलावर वरात थांबवणे. बाईंना थांबवणे जड गेले. तीन वर्षांत वडिलांचा आवाज ऐकला नव्हता, आणि मी म्हणतो थांबा. पण त्या थांबल्या.

एका कप्प्याला जे वाचता येत नाही ते दुसऱ्याला येते. भिंगाची स्वच्छता, किरणाचा जोर, बनावट, सगळ्यांत फरक असतो. म्हणून मी माझ्याबरोबर लॅपटॉप आणि यूएसबीने जोडायचा एक बाहेरचा कप्पा आणला होता. लॅपटॉपचा दुसरा फायदा म्हणजे बॅटरी. उतरवून घेण्याचे काम तास तास चालते आणि मध्येच लाइट गेली तर सगळे पहिल्यापासून. फाइल उचलून दुसरीकडे टाकायची नेहमीची रीत अशा तबकडीला चालत नाही, पहिल्या खड्ड्यातच थांबते. 'अनस्टॉपेबल कॉपियर' नावाचे एक फुकट मिळणारे सॉफ्टवेअर आहे. ते खड्डा आला की दोन-चार वेळा प्रयत्न करते, नाही जमले तर तेवढी जागा रिकामी सोडून पुढे सरकते. टीव्हीच्या प्लेअरसारखेच, पण वाचलेले सगळे हार्डडिस्कवर जमा करीत. व्हीसीडीत 'एमपीईजीएव्ही' नावाच्या कप्प्यात 'डॅट' आडनावाची एक मोठी फाइल असते, सगळा चित्रपट त्या एकाच फाइलीत. ती आणि तिच्या शेजारचे सगळे, म्हणजे आख्खी तबकडी, उतरवायला लावली. पुढे ती फाइल 'व्हीएलसी' या फुकट प्लेअरवर जशीच्या तशी चालते. डीव्हीडी असेल तर 'व्हिडिओ-टीएस' नावाचा कप्पा पूर्ण घ्यायचा.

पहिल्या दोन तबकड्या तासाभरात उतरल्या. तिसरी लावली आणि आम्ही जेवायला बसलो.

ती चालू आहे तोवर इतर दुखणी सांगतो, कारण सगळ्याच तबकड्या ओरखड्याने अडत नाहीत.

तबकडी घातल्याबरोबर कॉम्प्युटर गोठत नाही, तर धाडकन बंद होऊन पुन्हा सुरू होतो, असे असेल तर बहुतेक वेळा दोष विजेचा असतो. तबकडीला पहिला फेरा देताना कप्पा एकदम जोराने वीज ओढतो. कॉम्प्युटरातला वीज वाटणारा डबा, ज्याला एसएमपीएस म्हणतात, तो थकलेला असला किंवा गावातले व्होल्टेज पडलेले असले की त्या झटक्यात सगळेच बसते. संध्याकाळी सगळ्यांच्या घरी दिवे लागतात तेव्हा गोठणारा कॉम्प्युटर पहाटे नीट चालत असेल, तर एसएमपीएस बदलण्याआधी व्होल्टेज मोजून घ्यावे. बाहेरच्या कप्प्याचेही तसेच. जुन्या यूएसबी खोबणीतून मोजकीच वीज मिळते. दोन टोकांची वायर असेल तर दोन्ही टोके लावावीत, आणि मध्ये वाटणीचा डबा न ठेवता थेट मागच्या खोबणीत लावावे.

काही वेळा तबकडी आत गेली की तिच्यावरचे एखादे सॉफ्टवेअर आपोआप सुरू होते आणि नव्या विंडोजला ते झेपत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये 'ऑटोप्ले' म्हणून एक जागा आहे. तिथली खूण काढून टाकली की तबकडी न विचारता काहीही सुरू करीत नाही. जुन्या काळी पोरापोरांत फिरलेल्या तबकड्यांत व्हायरस असत, त्यासाठीही ही खूण काढलेली बरी. कप्पा उघडतो, फाइली दिसू लागतात आणि मग गोठतो, असे असेल तर विंडोज प्रत्येक फाइलीचे छोटे चित्र काढायच्या नादात अडकलेले असते. चित्रांऐवजी नुसत्या नावांची यादी दाखवायला सांगावे. आणि तबकडी कोरी असल्यासारखी दिसते, पण भरलेली आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असे झाले तर भरणाऱ्याने शेवटची गाठ मारलेली नसते. तबकडी बंद करून पूर्ण केली नाही तर ती फक्त भरलेल्या कॉम्प्युटरातच नीट दिसते. अशा वेळी ज्याच्या दुकानात भरली त्याच्याकडे, किंवा जुना कप्पा असलेल्या जाणत्या माणसाकडे जावे. तबकडी टाकून देऊ नये.

एक गोष्ट यापेक्षा निकडीची आहे. दवाखान्यात सीटी स्कॅन किंवा एमआरआय काढला, की पुष्कळ ठिकाणी तबकडी हाती देतात. आपला माणूस नांदेडला तपासतो, लातूरला दुसऱ्या डॉक्टरांना दाखवतो, तिथून सोलापूरला नाहीतर हैदराबादला जातो. माझ्या मामींच्या वेळी तसेच झाले होते. दूरच्या गावी डॉक्टरांपुढे बसलो, तबकडी घातली, कॉम्प्युटर गोठला आणि पुन्हा स्कॅन काढायची वेळ आली. पैसा तर गेलाच, दुखणाईत माणसाची फरफट झाली ती वेगळी. तेव्हापासून मी तबकडी हातात पडली की तिथल्या तिथे म्हणतो, "एकदा उघडून दाखवा." कुणी रागावत नाही. घरी येताच आख्खी तबकडी पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवावी. एखादी फाइल उचलून नव्हे, सगळी. कारण त्यात शेकडो बारीक फाइली असतात, पुष्कळदा त्यांना आडनावच नसते, आणि कोणती कोणत्या कापाची हे सांगणारी एक सूची वेगळी असते. ती सूची राहिली तर डॉक्टरांच्या सॉफ्टवेअरला संगती लावणे अवघड जाते. तबकडीबरोबरचे चित्र दाखवणारे सॉफ्टवेअर चालले नाही तरी घाबरू नये. फाइली 'डायकॉम' नावाच्या एकाच जागतिक रीतीच्या असतात आणि मोठ्या दवाखान्यातील कॉम्प्युटर आपल्या सॉफ्टवेअरने त्या उघडतात. फिल्म आणि कागदी रिपोर्ट मात्र बरोबर असू द्यावेत. मोबाइलवर फिल्मचा फोटो काढून तेवढ्यावर निघू नये.

उतरवून घेतलेले कुठे ठेवायचे, हाही प्रश्न आहे. नव्या तबकडीवर पुन्हा भरून ठेवण्याची रीत आता मागे पडली. आपल्याकडे एके काळी ज्यांच्या तबकड्या दुकानादुकानांत दिसत, त्या मोझर बेअर कंपनीचेही २०१८ साली दिवाळे निघाले. मी सांगतो, दोन ठिकाणी ठेवा आणि ती दोन ठिकाणे एका छपराखाली नकोत. एक पेन ड्राइव्ह आपल्याकडे, दुसरा लेकीच्या नाहीतर भावाच्या घरी. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, लावून बघा, कारण पेन ड्राइव्हही अमरपट्टा घेऊन आलेला नाही. औसा तालुक्यात माझ्या ओळखीचे एक घर आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती पडल्या, हजारो माणसे गेली, आणि त्या घरची माणसे गेली तशी त्यांची छायाचित्रेही ढिगाऱ्यात गेली. आजोबांचे म्हणून आज जे एकच चित्र भिंतीवर आहे, ते दूरच्या एका नातेवाइकाकडे लग्नाच्या अल्बममध्ये राहिले होते. त्या घरात आता कुठल्याही फोटोची एकच प्रत ठेवीत नाहीत.

जेवणे होऊन चहा झाला तरी तिसरी तबकडी चाललेलीच होती. आकडा मध्येच थबके, घर्र आवाज येई, मग पुढे सरके. पुतण्या दर पाच मिनिटांनी येऊन टक्के सांगून जाई. दोन तासांनी काम संपले. थोडा भाग रिकामा सोडून बाकीची फाइल आली होती. रिकामी जागा कुठे पडली हे बघितल्याशिवाय कळत नाही. मी तबकडी बाहेर काढून फडक्यात गुंडाळली आणि मगच फाइल लावली.

अक्षता झाल्या, पंगत झाली, सजवलेला ट्रॅक्टर दिसला. मग पाठवणी. पांढरे धोतर, डोक्यावर टोपी, हात जोडलेले एक गृहस्थ व्याह्यांसमोर उभे. "पोरगी लहान हाय," ते म्हणाले, "चुकलं तर..." आणि चित्राचे चौकोन झाले, आवाज तुटला. सात-आठ सेकंद काहीच नाही. पुन्हा चित्र आले तेव्हा ते डोळे पुसत होते आणि म्हणत होते, "...मला सांगा, मी येतो."

बाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मधलं मला पाठ आहे."

रिकाम्या जागेसाठी आणखी एक उपाय बाकी आहे. नांदेडला एका जुन्या फोटोवाल्याकडे वेगळ्या बनावटीचा कप्पा अजून चालू आहे. तबकडी मी बरोबर आणली आहे, पुढच्या फेरीत त्यात लावून बघणार. एकदाच, आणि थेट उतरवून घेण्यासाठी. निघताना पुतण्याने विचारले, फाइलीला नाव काय देऊ, ही तर नुसते आकडे दाखवते. आत्यांनी सांगितले ते त्याने मराठीत टाइप केले : आण्णा.